लोखंडाचा काळा कण आणि 925चा मोह

बॅटरीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये मॅग्नेटाइटचं, म्हणजे लोखंडाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचं नाव निघालं की पाठोपाठ 925 हा आकडा येतो. एक ग्रॅम मॅग्नेटाइट कागदोपत्री सुमारे 925 मिलीअँपिअर-तास विद्युतभार सामावून घेऊ शकतं. मोबाइलपासून मोटारीपर्यंतच्या लिथियम बॅटऱ्यांत ऋणाग्र म्हणून जे ग्रॅफाइट वापरतात, त्याची कमाल मर्यादा 372. म्हणजे अडीचपट! त्यातून लोखंड स्वस्त, मुबलक, फारसं विषारी नाही. कण बनवायला बीकर, अमोनिया आणि लोहचुंबक पुरतं. इतकं सगळं जुळून आल्यावर पीएचडीचा विषय ठरायला कितीसा वेळ लागणार? आपल्याकडच्या विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या विभागांतून चक्कर मारली, तर कुठल्या ना कुठल्या बाकावर हा काळा गाळ वाळत ठेवलेला दिसतोच.

माझा आक्षेप त्या 925वर आहे. लोखंडावर मात्र माझा भरवसा आहे, आणि तो कुठे ठेवावा हेही पुढे सांगतो.

आधी कण कसे बनतात ते पाहू, कारण सगळी मोहिनी तिथूनच सुरू होते. 1981 साली पॅरिसमध्ये रेने मासार्ट यांनी जी पद्धत मांडली, तीच आजही बहुतेक ठिकाणी चालते. फेरिक क्लोराइड दोन भाग आणि फेरस क्लोराइड एक भाग, रेणूंच्या हिशेबाने, पाण्यात विरघळवायचं. पाण्यातला ऑक्सिजन हुसकून लावण्यासाठी आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे. मग जोरात ढवळत अमोनिया ओतायचा. पिवळट तपकिरी द्रावण डोळ्यांदेखत काळं ठिक्कर पडतं. वाट पाहावी लागत नाही, अवक्षेप तिथल्या तिथे येतो. कण दहा नॅनोमीटरच्या आसपासचे, त्यामुळे साध्या गाळणकागदाचा उपयोग नाही. बीकर लोहचुंबकावर ठेवला की काही मिनिटांत काळा गाळ तळाशी ओढला जातो आणि वर नितळ पाणी उरतं. ते ओतून टाकायचं, नवं पाणी घालायचं, ढवळायचं, पुन्हा चुंबकावर ठेवायचं. पीएच सातच्या जवळ येईपर्यंत हेच चालू. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी खूश होतो, आणि व्हायलाच हवा. इतक्या थोड्या साहित्यात इतकं देखणं रसायन फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं.

गोची पुढे आहे. फेरस क्लोराइडचे स्फटिक फिकट हिरवे असायला हवेत. कपाटातली बाटली वर्षभर उघडझाप होऊन पिवळट पडली असेल, तर तिच्यातलं बरंचसं फेरस आधीच फेरिक झालेलं असतं. तुम्ही वजन अचूक घेतलंत तरी दोनास एक हे प्रमाण केव्हाच बिघडलेलं असतं. अनुभवी माणसं म्हणूनच फेरस किंचित जास्त घेतात. पण किती जास्त, हे पेपरात क्वचितच छापून येतं. मग वाळवण. गाळ उघड्या हवेत ओव्हनमध्ये ठेवला तर काळ्याचा हळूहळू तपकिरी होतो, म्हणजे मॅग्नेटाइटचं मॅघेमाइट होऊ लागतं. दोघांची स्फटिकरचना इतकी सारखी की नॅनोकणांच्या पसरट रेषांमुळे क्ष-किरणांच्या आलेखावर त्यांना वेगळं ओळखणं कठीण जातं. खात्री हवी तर मॉसबॉअर वर्णपट घ्यावा लागतो, आणि ते यंत्र मोजक्याच ठिकाणी असतं. परिणाम असा, की ‘मॅग्नेटाइट’ असं लेबल लावलेल्या अनेक बाटल्यांत प्रत्यक्षात दोन ऑक्साइडांची खिचडी असते आणि तिचं प्रमाण दर खेपेला वेगळं असतं. कण बनवणं सोपं आहे; कालच्यासारखेच कण आज बनवणं अवघड आहे. उद्योगाला नेमकं हेच हवं असतं.

एकसारखे कण हवेत तर दुसरी वाट आहे. 2004 साली सोलमध्ये ह्यॉन टेगह्वान यांच्या गटाने लोखंड आणि ओलेइक आम्लाचं संयुग उकळबिंदू उंच असलेल्या द्रावकात तीनशे अंशांच्या वर तापवून, जवळजवळ साच्यातून काढल्यासारखे कण एका खेपेला 40 ग्रॅम मिळवून दाखवले. कारागिरी म्हणून तिला तोड नाही. पण प्रत्येक कणाभोवती तेलकट आम्लाचा थर बसतो, आणि विजेच्या दृष्टीने तो थर म्हणजे भिंतच. बॅटरीत वापरायचे तर तो जाळून कार्बन करावा लागतो, आणि त्या भाजणीत कण एकमेकांना चिकटतात. आकारासाठी केलेला सगळा खटाटोप तिथे निम्मा वाया जातो.

आपल्याकडे अलीकडे तिसरी वाट फोफावली आहे. कडुनिंब, तुळस, शेवगा, जास्वंद अशा पानांचा अर्क घालून ‘हरित’ पद्धतीने कण बनवण्याची. अर्कातले पॉलिफेनॉल लोखंडाला धरून ठेवतात, कणांना आकार देतात, हे खरं. पण पावसाळ्यातला पाला आणि वैशाखातला पाला यांत फरक असतो, आणि नगरचं झाड कोकणातल्या झाडासारखं नसतं. अर्कात काय किती होतं हे मोजलंच नसेल, तर दुसऱ्याने ती कृती करायची कशी? शिवाय मुळाशी क्षार तेच आणि अल्कलीही बहुधा तीच. साधा हिशेब मांडून पाहा. मासार्टच्या पद्धतीत मॅग्नेटाइटच्या एका रेणूमागे अमोनियम क्लोराइडचे आठ तयार होतात. वजनात सांगायचं तर एक किलो कणांमागे सुमारे 1.85 किलो मीठ पाण्यात जातं, धुण्याचं पाणी वेगळंच. त्या पाण्याचं काय करणार, हा प्रश्न एमआयडीसीतला कुठलाही कारखानदार पहिल्याच बैठकीत विचारेल. बीकरात पानं टाकल्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

तरीही हे सगळं सुधारता येईल असं धरून चालू. समजा, कण शंभर टक्के शुद्ध, एकसारखे आणि दर खेपेला तसेच मिळाले. मग 925चं काय?

टाकी किती लिटरची आहे एवढं सांगून भागत नाही. ती गच्चीवर आहे की अंगणात, हेही सांगावं लागतं. मिलीअँपिअर-तास म्हणजे लिटर, आणि व्होल्ट म्हणजे उंची. बॅटरीचं व्होल्टेज हा दोन अग्रांमधला फरक. ऋणाग्राची पातळी शून्याच्या, म्हणजे लिथियम धातूच्या, जितकी जवळ तितका हा फरक मोठा. ग्रॅफाइट साधारण 0.1 ते 0.2 व्होल्टवर काम करतं. मॅग्नेटाइटमध्ये लिथियम आत शिरतं ते 0.8 व्होल्टच्या आसपास, आणि बाहेर पडतं ते 1.6च्या आसपास. म्हणजे ही टाकी भरताना एका उंचीवर असते आणि पाणी काढायच्या वेळी खाली आलेली असते.

आता पूर्ण सेलचा हिशेब. धनाग्र म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट घेऊ; ते 3.4 व्होल्टवर चालतं आणि ग्रॅमला 160 मिलीअँपिअर-तास देतं. एक अँपिअर-तास साठवायला ते सव्वासहा ग्रॅम लागेल. त्याच्यासमोर ग्रॅफाइट ठेवलं तर, प्रत्यक्षात मिळणारी थोडी कमी क्षमता धरून, ते 2.9 ग्रॅम लागेल. दोन्ही मिळून 9.1 ग्रॅम. सेल 3.2 व्होल्टचा, म्हणून किलोमागे 350 वॅट-तास. डबा, तांब्याचा पत्रा, द्रव हे सगळं सोडून. ग्रॅफाइटच्या जागी मॅग्नेटाइट ठेवलं तर ते 1.1 ग्रॅमच लागेल, एकूण वजन 7.4 ग्रॅम. पण सेल वीज देताना 3.4 वजा 1.6, म्हणजे 1.8 व्होल्टचाच. किलोमागे 245 वॅट-तासांच्या आसपास. ऋणाग्राची क्षमता अडीचपट झाली आणि बॅटरीची ऊर्जा जवळपास तीस टक्क्यांनी घटली! भरताना 2.6 व्होल्ट लावावे लागतात आणि काढताना 1.8 मिळतात, म्हणजे दर फेरीला तीस टक्के वीज उष्णता होऊन जाते ती वेगळीच. हा गुणाकार-भागाकार अकरावीच्या मुलाला येतो. तरीही ‘ऊर्जा साठवणूक’ असं शीर्षक मिरवणारे पेपर तो करत नाहीत, कारण त्यांचा सेल अर्धा असतो. समोर लिथियम धातूची जाड चकती असते. ती हवं तितकं लिथियम पुरवते, आणि पहिल्याच फेरीत जो पंचवीस-तीस टक्के भार कायमचा हरवतो त्याची झळ कुणाला लागत नाही. खऱ्या बॅटरीत ते हरवलेलं लिथियम धनाग्रातून गेलेलं असतं आणि त्याचे पैसे मोजलेले असतात.

कण जितका बारीक तितकं हे नुकसान वाढतं, हेही लक्षात घ्यायला हवं. दहा नॅनोमीटरच्या कणांचं एका ग्रॅमचं पृष्ठफळ सुमारे 115 चौरस मीटर भरतं, एका मोठ्या फ्लॅटच्या जमिनीइतकं. या सगळ्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन थर बसतो आणि तो लिथियम गिळतो. शिवाय अशी भुकटी दाबूनही दाबली जात नाही; ग्रॅममागे चांगली दिसणारी वस्तू लिटरमागे पडेल निघते.

यावर जाणकार वाचक एक नेमका प्रतिप्रश्न करतील. ज्या लिथियम आयर्न फॉस्फेटचा आताच आधार घेतला, तेही 1997 साली जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर आलं तेव्हा निकामी वाटण्याजोगंच होतं. वीज जवळजवळ वाहतच नव्हती. मग कण बारीक केले, वर कार्बनचा लेप दिला, आणि आज तेच द्रव्य स्वस्त विजेच्या गाड्यांचा आणि वीजसाठ्याच्या कंटेनरांचा कणा झालं आहे. लोखंडाच्या एका संयुगाला नॅनोने तारलं, तर दुसऱ्याला का तारू नये?

प्रश्न रास्त आहे. उत्तर दोघांच्या दुखण्यातल्या फरकात आहे. फॉस्फेटमध्ये स्फटिकाचा सांगाडा तसाच राहतो. लिथियम त्यात ये-जा करतं. दुखणं वाटेचं होतं, अंतर कमी केलं की ते बरं झालं. मॅग्नेटाइटमध्ये सांगाडाच मोडतो. लोखंड आणि ऑक्सिजनची ताटातूट होते, लिथियम ऑक्साइडच्या लगद्यात लोखंडाचे दोन-चार नॅनोमीटरचे थेंब विखुरतात, आणि परतीच्या प्रवासात सगळं पुन्हा बांधावं लागतं. 2000 साली फ्रान्समध्ये ज्याँ-मारी तारास्कों यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की कण पुरेसे बारीक असतील तर हे मोडणं-बांधणं पुन्हा पुन्हा करता येतं. शोध अस्सल होता, त्याने एक नवं दालन उघडलं. पण जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असल्यामुळे व्होल्टेजमध्ये जी दरी पडते, ती बॅटरी कितीही सावकाश चालवली तरी उरतेच. त्या शोधाला पाव शतक उलटलं, आणि त्यावर उभी राहिलेली लोह-ऑक्साइडची लिथियम बॅटरी दुकानात मिळत नाही. संशोधक आळशी होते म्हणून असं झालेलं नाही.

लोह-ऑक्साइडचं नाव सुपरकपॅसिटरच्या, म्हणजे मुख्यतः पृष्ठभागावर भार साठवणाऱ्या उपकरणांच्या, संदर्भातही निघतं; त्याबद्दल दोन शब्द. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी साध्या रासायनिक पद्धतींनी पातळ थर बनवण्याची मोठी परंपरा उभी केली. पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. निर्वात यंत्रावर लाखो रुपये खर्च न करता जगाच्या नियतकालिकांत जाता येतं, हा आत्मविश्वास महाराष्ट्रातल्या किती तरी छोट्या महाविद्यालयांना तिथून मिळाला. ते श्रेय निर्विवाद आहे. मात्र पातळ थराचं वजन मिलीग्रॅमच्या काही अंशांत असतं, आणि त्या वजनाने भागून ‘ग्रॅमला इतके फॅरड’ म्हटलं की आकडा फुगतो. युरी गोगोत्सी आणि पात्रीस सिमॉन यांनी 2011 सालीच ‘सायन्स’मध्ये साऱ्या जगातल्या संशोधकांना ही जाणीव करून दिली होती: पत्रा, द्रव, आवरण धरून मोजा, नाही तर दहा मायक्रॉनच्या थराचे गोडवे गाऊ नका. जगाने ऐकून घेतलं आणि पुढचा पेपर पाठवला.

मग या कणांच्या ‘चुंबकीय’ असण्याचं काय? बहुतेक पेपरांत ते विशेषण शोभेपुरतं असतं. ऊर्जा चुंबकत्वात साठत नाही. पण तीन ठिकाणी हा गुण खरोखर कामी येतो. पहिलं वर पाहिलंच, धुण्यात. दुसरं 2016 सालचं, झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातलं. तिथे ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांवर लोह-ऑक्साइडचे कण चिकटवले, लेप ओला असताना चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि आडवे पडणारे पापुद्रे उभे केले. लिथियमची वाट सरळ झाली, जाड ऋणाग्रही जलद भरू लागलं. ज्या ग्रॅफाइटला हटवायला लोह-ऑक्साइड निघालं होतं, त्याच्याच सेवेला ते लागलं. आणि माझ्या मते तिथे त्याने अधिक चोख काम केलं.

तिसरा उपयोग सगळ्यांत सुंदर. या ऑक्साइडांत प्रयोगात कधी कधी सिद्धान्तापेक्षाही जास्त भार मावतो, हे कोडं अनेक वर्षं अडून बसलं होतं. चीनमधल्या छिंगताओ विद्यापीठातल्या छ्यांग ली यांनी सहकाऱ्यांसह चालू बॅटरीच चुंबकमापकात ठेवली. मॅग्नेटाइट मोडून लोखंडाचे थेंब झाल्यावर, लिथियम भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात चुंबकत्व घटत गेलं आणि लिथियम बाहेर काढायला लागताच पुन्हा वाढलं. म्हणजे जास्तीचे इलेक्ट्रॉन त्या थेंबांच्या पृष्ठभागावर जाऊन बसत होते, आणि कोणत्या फिरकीचे इलेक्ट्रॉन बसले याची साक्ष चुंबकत्व देत होतं. 2021च्या ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये हे छापून आलं. बॅटरी न उघडता तिच्या पोटातलं सांगणारा साक्षीदार म्हणून मॅग्नेटाइटचं मोल मोठं आहे. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला शोभेल असं काम हेच.

आणि लोखंडाची खरी जागा? ती लिथियमबरोबर नाही, पाण्याबरोबर आहे. एडिसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याच सुमारास स्वीडनमध्ये युंगनर यांनी, निकेल आणि लोखंडाची अल्कली बॅटरी बनवली. एडिसनची पहिली आवृत्ती 1903 साली बाजारात आली, गळू लागली, मागे घ्यावी लागली. सुधारलेली आली ती 1909 साली. पुढे कित्येक दशकं तिने रेल्वेत आणि खाणींत निमूट चाकरी केली. जड, पण चिवट. आता अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी लोखंडाला हवेशी जोडते आहे: गंज चढला की वीज मिळते, वीज दिली की गंज उतरतो. सलग शंभर तास वीज देणं हे तिचं उद्दिष्ट, आणि कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्या वेअर्टन या जुन्या पोलादनगरीत. भरलेल्या विजेतली जेमतेम निम्मी परत मिळते. मग मॅग्नेटाइटच्या तीस टक्के गळतीला नावं ठेवणारा मी याला का मान्यता देतो? कारण महागड्या लिथियमच्या सेलमध्ये तीस टक्के घालवणं हा उधळेपणा आहे. लोखंड, पाणी आणि हवा यांच्या स्वस्त पेटीत, चार दिवस वारा पडल्यावर शहराला पुरेल अशी वीज ठेवण्यासाठी निम्मी घालवणं हा व्यवहार ठरू शकतो. वजनाची चिंता नाही, पेटी जागची हलणारच नाही. आणि लोखंडाला लागतात दोनच इलेक्ट्रॉन, तरी ग्रॅममागे 960 मिलीअँपिअर-तास होतात! जवळजवळ तोच आकडा, फक्त योग्य ठिकाणी.

या बॅटरीला दहा नॅनोमीटरचे कण लागत नाहीत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात श्री नारायण यांच्या गटाने 2012 साली मायक्रॉन आकाराच्या लोखंडी भुकटीत थोडं बिस्मथ सल्फाइड मिसळून, लोखंडावर हायड्रोजन सुटण्याचं जुनं दुखणं बरंच आवरलं. फॉर्म एनर्जीने तर 2021 साली आर्सेलरमित्तल या पोलाद कंपनीबरोबर करार केला, तो स्पंज आयर्नसाठी, म्हणजे न वितळवता बनवलेल्या सच्छिद्र लोखंडासाठी. स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. चंद्रपूरजवळ घुग्गुसला ते बनतं, रायगड जिल्ह्यात डोलवीला बनतं. कोळशावर बनलेल्या आपल्या स्पंज आयर्नमधली गंधक, सिलिका, राख अल्कलीत कशी वागते, कुठल्या प्रतीचं लोखंड किती फेऱ्या टिकतं, हे प्रश्न मॅग्नेटाइटच्या पुढच्या शंभर पेपरांपेक्षा जास्त मोलाचे आहेत, आणि ते सोडवायला लागणारी रसायनं विभागाच्या कपाटात आजही असतात.

मार्गदर्शकांना म्हणून एक विनंती आहे. विद्यार्थ्याने काळे कण आनंदाने बनवावेत, हात तयार होतो. पण प्रबंधात ‘ऊर्जा’ हा शब्द लिहू देण्याआधी त्याच्याकडून पूर्ण सेल बनवून घ्या, वॅट-तास मागा, भरलेल्यातली किती वीज परत आली ते मागा, आणि फेरस क्लोराइडची बाटली कधी फोडली होती ती तारीखही वहीत लिहून घ्या.